न उघडलेलं गाईड

बालाघाटच्या ज्या हिंदी दैनिकात मी काम करतो, त्याची एक चार पानी पुरवणी दिवाळीनंतर निघते. विषय ठरलेला असतो: खासगी शाळांच्या प्रवेशपरीक्षा. परीक्षा फेब्रुवारीत होतात आणि सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत आईवडील गाईडांच्या मागे लागलेले असतात. पुरवणीत जाहिराती पुस्तकविक्रेत्यांच्या आणि शाळांच्या असतात. जाहिरातींच्या मधली जागा आम्ही भरतो.

मागच्या सत्रात ती जागा मी भरली. मथळा होता 'कैसे चुनें सही गाइड'. खाली माझं नाव नव्हतं. अशा मजकुरावर 'कार्यालय संवाददाता' एवढंच जातं. बस स्टँडजवळच्या ज्या पुस्तकविक्रेत्याने अर्ध्या पानाची जाहिरात दिली होती, त्याने तीन गाईडं आणि एक टाइप केलेला कागद पाठवला होता. कागदावर लाल मुखपृष्ठाच्या गाईडची वैशिष्ट्यं लिहिलेली होती. तिन्ही गाईडं प्लास्टिकमध्ये बंद होती. घेऊन येणारा माणूस म्हणाला, "सेठ ने बोला है, पन्नी मत खोलना. माल वापस जाएगा." मी पन्नी खोलली नाही.

मजकुरात मी पालकांना सांगितलं होतं की गाईड घेण्याआधी त्याची आवृत्ती कोणत्या सालची आहे ते बघा. त्यात त्याच शाळेचे जुने पेपर आहेत का ते बघा. उत्तराबरोबर रीत दिली आहे का, पेपर ज्या भाषेत येणार त्याच भाषेत सराव आहे का, हेही बघा. आणि एकदा गाईड धरलं की ते बदलू नका, चार पुस्तकं चाळून मूल गोंधळतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की लाल मुखपृष्ठाचं गाईड या सगळ्या कसोट्यांना उतरतं. कसोट्या मला आजही बरोबर वाटतात. मी त्यातली एकही लावून पाहिली नव्हती. मजकूर पाऊण तासात झाला. त्यानंतर मी वैनगंगेच्या पुलावरच्या एका अपघाताची बातमी घेतली. तिच्यासाठी मात्र मी दोनदा पोलीस ठाण्यात फोन करून जखमीचं वय तपासून घेतलं.

माझी धाकटी बहीण खैरलांजी तहसिलीतल्या एका गावात अंगणवाडी चालवते. तिचा नवरा वारासिवनीच्या राईस मिलमध्ये जातो, सकाळी मोटरसायकलने निघतो आणि दिवेलागणीला परततो. त्यांना एकच मुलगी आहे. ती तेव्हा गावच्या सरकारी शाळेत पाचवीत होती. घरात मराठी, शाळेत हिंदी. इंग्रजीचा एक तास होता, त्यात गुरुजी धडा वाचून दाखवत आणि मुलं तो वहीत उतरवून घेत.

बालाघाट शहराबाहेर एक खासगी निवासी शाळा आहे. तिचं नाव इथे देण्याची गरज नाही. इंग्रजी माध्यम, वसतिगृह, मोठं मैदान. दरवर्षी सहावीत खेड्यातल्या काही मुलांना प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर विनाशुल्क घेतात, राहणं-जेवण धरून. या जागा फक्त सहावीत भरतात. सातवीत कोणी सोडून गेलं तर एखादी रिकामी होते. म्हणजे माझ्या भाचीला त्या शाळेत जायचं असेल तर वाट हीच होती आणि ती एका वर्षापुरती होती. भाचीने ती शाळा बसमधून पाहिली होती. तिथे मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. गावात मैदानात मुली उतरल्या की पोरं चेंडू घेऊन अंगावर येतात. मला हे तिने स्वतः सांगितलं, आणि इंग्रजीसाठी नव्हे, नेटसाठी तिथे जायचंय असंही सांगितलं. नेट म्हणजे व्हॉलीबॉलची जाळी.

बहिणीने अर्ज भरला हे मला माहीत होतं. तयारी चालू आहे हेही ती फोनवर सांगत असे. कशावरून चालू आहे, हे मी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्यात ती मुलीला घेऊन पहिल्या बसने आली. परीक्षेला बारा दिवस होते. शेवटची तयारी मामाच्या घरी करायची, असं दोघींचं ठरलेलं. पाणी पिऊन झाल्यावर बहिणीने पिशवीतून गाईड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्याला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं.

"पाह्य दादा, तू सांगतलं तेच घेतलं."

"मी कधी सांगतलं?"

"पेपरात नाई का आलं? शिक्षणाचं पान तूच तं काढतं."

मी विचारलं, घ्यायच्या आधी फोन काहून नाही केला? ती हसली. "फोनवर तू 'हौ, ठीक आहे, घे' म्हणून मोकळा होतं. पेपरात लिहाले तं माणसाले विचार कराच लागते. म्हणून मीनं फोन नाई केला, पेपरची वाट पाह्यली."

दुकानात काय झालं तेही तिने सांगितलं. सेठ पन्नी काढू देत नव्हता, काढली तर घ्यावंच लागेल म्हणत होता. दुसऱ्या एका बाईने वाद घातला आणि ती न घेताच निघून गेली. "मीनं वाद नाई घातला. मीनं म्हणलं, राहू दे सेठ, माह्या भावाच्या पेपरनं पाह्यलं आहे."

मी गाईड उघडलं. ते मी पहिल्यांदाच उघडत होतो.

पहिल्या चार पानांवर त्या खासगी शाळेची माहिती होती. पाचव्या पानापासून पुढे प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच परीक्षेचं नाव छापलेलं होतं. सरकारी निवासी शाळांसाठी एक परीक्षा होते, ती. त्या परीक्षेत प्रश्नाला चार पर्याय असतात आणि उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलने काळा करायचा असतो. गाईडमध्ये आकृत्या होत्या, वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा, पुढची संख्या ओळखा. गणितं हिंदीत होती. उत्तरं शेवटच्या पानांवर नुसत्या अक्षरांत होती, क, ख, ग, घ. रीत कुठेच नव्हती. इंग्रजीचं एकही पान नव्हतं. जुन्या पुस्तकाला नवं मुखपृष्ठ आणि चार नवी पानं जोडलेली होती. हे कळायला मला पाच मिनिटं लागली.

प्रत्येक प्रश्न सोडवलेला होता. काही पानं दोनदा, पहिल्यांदा पेन्सिलने, मग खोडून पुन्हा. शेवटच्या सराव-उत्तरपत्रिकेवरचे गोल इतके नीट भरले होते की एकाही गोलाची कड ओलांडली नव्हती.

"वरचं नाव पाह्यलं होतं मी, मामा," भाची म्हणाली. "आईनं सांगतलं, छापाची चूक असंन."

प्रवेशपत्राबरोबर शाळेने सूचनांचा एक कागद दिला होता, इंग्रजीत. बहिणीने तो घडी करून जपून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं की गणितात रीत दाखवावी लागेल, नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळणार नाहीत. इंग्रजीत एक उतारा आणि दिलेल्या विषयावर दहा ओळी. हिंदीत एक परिच्छेद. सगळं निळ्या पेनाने. पर्यायांचा उल्लेख नव्हता.

गाईड आणि तो कागद माझ्या मांडीवर होते. बहीण समोर बसली होती. तिला दुपारच्या बसने परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोषण आहाराची तपासणी होती. तिने विचारलं, "बरोबर चालू आहे ना?"

मी म्हणालो, "ठीक आहे. थोडं इंग्रजी वरून करून घेऊ."

माझ्या बोलण्यातला दुसरा भाग खरा होता. ती समाधानाने गेली.

संध्याकाळी मी बस स्टँडजवळच्या त्या दुकानात गेलो. काउंटरच्या मागे, देवाच्या फोटोच्या खाली, माझा मजकूर लॅमिनेट करून लावला होता. लाल मुखपृष्ठाच्या वाक्याखाली स्केचपेनची रेघ होती.

मी म्हणालो, "सेठ, इसमें तो दूसरी परीक्षा का माल भरा है."

"भैया, सवाल तो सवाल होता है. जो बच्चा ये कर लेगा, वो कुछ भी कर लेगा."

"उस स्कूल का पेपर लिखित आता है."

"तो लिख लेगा. हाथ तो है ना उसका." मग त्याने मागे बोट दाखवलं. "और आपके अखबार ने पास किया है. मैंने थोड़ी लिखा है."

त्या वेळी एक बाई काउंटरवर उभी होती, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई प्लास्टिकवरून बोट फिरवत मुखपृष्ठ वाचत होती. तिने सेठला विचारलं, अच्छा है क्या. सेठने पुन्हा कात्रणाकडे बोट केलं. बाईने ते सावकाश, ओठ हलवत वाचलं आणि गाईड घेतलं. मी तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात त्याच्या गिऱ्हाइकाशी बोलू नये, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी इंग्रजी रचनेचं एक पातळ पुस्तक घेऊन घरी आलो. ते मात्र पानन् पान बघून घेतलं.

घरी फक्त बायकोला सांगितलं. ती भाकरी करत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"तुम्ही न पाह्यता लिहिलं?"

"पुरवणीचं सगळे असंच लिहितात."

"मी सगळ्यांचं नाई विचारलं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग पोरीले सांगून टाका. बारा दिवस आहेत अजून."

मी म्हणालो की आत्ता सांगितलं तर ती घाबरेल, परीक्षा झाल्यावर सांगू. बायको म्हणाली, "ती घाबरंन का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला वही दिली आणि 'माय व्हिलेज' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या.

"ऑप्शन?" तिने विचारलं.

"ऑप्शन नाहीत. तुझ्या मनानं लिहायचं."

"मंग बरोबर उत्तर कोणतं?"

मी समजावलं की यात एक बरोबर उत्तर नसतं. तिने माझ्याकडे थोडं दयेने पाहिलं. ती वर्गात पहिली येणारी मुलगी होती आणि बरोबर उत्तर नसलेला प्रश्न तिला परीक्षेचा वाटत नव्हता. तिने तीन ओळी लिहिल्या. पहिलीत गावाचं नाव, दुसरीत शाळा आहे, तिसरीत नदी आहे. मग पेन खाली ठेवलं.

"मामा, हे गाईडमधी नाई."

"नसलं तरी येऊ शकते."

"गाईडमधी नाई तं पेपरमधी काहून येईन?"

मी तिला सूचनांचा कागद वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आई म्हणे, पेपरवाल्यांनी शाळेले विचारूनच छापलं असंन." याला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी देत नव्हतो. म्हणून मी म्हणालो, "दोन्ही करू." दोन्ही म्हणजे सकाळी माझं आणि दुपारी गाईडचं. मी कार्यालयात गेलो की दिवसभर ती गाईडच करत असे, हे मला बायकोकडून कळत होतं. आकृत्या तिला आवडत. त्यात ती चुकत नसे.

गणितात मी रीत लिहायला लावली. ती उत्तर तोंडी काढायची, झटक्यात, आणि बहुतेक वेळा बरोबर. रीत लिहिणं तिला शिक्षेसारखं वाटे. "उत्तर तं आलं ना मामा, आता हे काहून लिहू?" तीन महिने ती पर्यायांवरून मागे जायला शिकली होती. चारपैकी दोन पर्याय उघड चुकीचे असतात, उरलेल्या दोनांत एककाचा आकडा बघायचा. ही युक्ती तिची तिने शोधली होती, कोणी शिकवली नव्हती.

पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला. भाचीने तिला सांगितलं होतं की मामा दुसऱ्याच पुस्तकातून शिकवतो.

"दादा, तिले इकडंतिकडं भटकवू नको. एकच गाईड धरा, बदलू नका, असं तूच लिहिलं होतं. मीनं कापून ठेवलं आहे."

"ते जनरल लिहिलं असतं."

"जनरल म्हणजे? आमच्यासाठी नाई?"

मी म्हणालो की गाईड बदलत नाही आहे, फक्त जोडतो आहे. ती म्हणाली, "जोड मंग. पण गाईड पयले होऊ दे." त्या दिवसापासून सकाळचा वेळही अर्धा झाला. मी छापलेलं माझ्या बोलण्यावर भारी पडत होतं. ते थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते मी त्या बारा दिवसांत एकदाही उच्चारलं नाही. उरलेल्या दिवसांत तिने 'माय व्हिलेज' पाठ केलं, दहाच्या दहा ओळी, मी लिहून दिलेल्या.

परीक्षा रविवारी होती. बहीण आदल्या दिवशी आली होती. आम्ही तिघं ऑटोने गेलो. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली आईवडील उभे होते आणि शेवटची पानं मुलांकडून म्हणवून घेत होते. लाल मुखपृष्ठाची गाईडं मला तिथे दिसली. किती, ते मी मोजलं नाही. बहीण एका अनोळखी बाईला सांगत होती की आम्हीही हेच केलं, माझा भाऊ पेपरात आहे. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "फिर तो आपको पता होगा, क्या आएगा." मी म्हणालो, नहीं, मुझे नहीं पता.

घंटा झाल्यावर मुलं बाहेर आली. भाची हळू चालत आली. हातात कंपासपेटी होती. त्यात आईने टोक काढून दिलेल्या चार पेन्सिली होत्या.

"कसा गेला?" बहिणीने विचारलं.

ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "मामा, गोलच नव्हते."

ऑटो घराजवळ आल्यावर तिने सांगितलं की इंग्रजीत 'माय बेस्ट फ्रेंड' आलं होतं.

यादी दहा-बारा दिवसांनी लागली, शाळेच्या फाटकावर आणि मोबाइलवर. त्यात तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीतही नव्हतं. बहीण दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन बालाघाटला आली आणि म्हणाली, "दादा, तुही ओळख आहे. पेपर तं दाखवतीन ना? मार्काच्या जोडाची चूक झाली असंन." तिला खात्री होती की चूक शाळेची आहे. तिची खात्री गाईडच्या शेवटच्या पानांवर होती. तिथे प्रत्येक सरावात भाचीला शंभरच्या जवळ गुण पडले होते. तिने ते स्वतः तपासले होते.

मी एकटा गेलो. मुख्याध्यापिका नियमाप्रमाणे उत्तरपत्रिका दाखवत नाहीत, पण वर्तमानपत्राचा माणूस म्हणून त्यांनी मला दाखवली. नियम मोडून मिळालेली ती एकच गोष्ट, आणि तिचा उपयोग नव्हता.

गणिताच्या पानावर प्रत्येक प्रश्नाखाली एकेक आकडा होता. रीत फक्त पहिल्या दोन गणितांना होती, माझ्या आग्रहाची आठवण असेपर्यंत. उत्तरं जवळपास सगळी बरोबर. गुण अर्ध्याहून कमी. हिंदीचा परिच्छेद चार वाक्यांचा. मग इंग्रजीचं पान आलं. 'माय बेस्ट फ्रेंड'च्या खाली तिने एक वाक्य लिहिलं होतं. त्याच्याखाली अंतर सोडून चार मैत्रिणींची नावं लिहिली होती, ए, बी, सी, डी करून. प्रत्येक नावासमोर तिने पेनाने एक लहान गोल काढला होता आणि तिसरा गोल काळा केला होता, कड न ओलांडता.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "बच्ची होशियार है. गणित में तो बहुत. पर इसको किसी ने बताया ही नहीं कि लिखना है. किसने तैयारी करवाई?"

मी म्हणालो, "घर पे ही."

त्या म्हणाल्या की अशा पाच-सहा पत्रिका या वर्षी आल्या, कोणीतरी साचेबंद शिकवलंय मुलांना. मी त्यांचे आभार मानून निघालो.

कार्यालयात जाऊन मी संपादकांना सगळं सांगितलं आणि एक खुलासा छापू म्हणालो, चार ओळींचा. त्यांनी ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "विज्ञापन वाले पेज का खंडन आज तक किसी ने छापा है? और अब छापकर करोगे क्या, परीक्षा तो हो गई." तर्क बरोबर होता. परीक्षेच्या आधी छापलं असतं तर उपयोग झाला असता. परीक्षेच्या आधी बारा दिवस मला माहीत होतं.

घरी बहीण ओट्यापाशी बायकोला मदत करत होती. भाची दारात बसून बुटाची लेस बांधत आणि सोडत होती. मी बहिणीला आत बोलावलं आणि सांगितलं. गाईड दुसऱ्या परीक्षेचं होतं. मी ते लिहिताना उघडलं नव्हतं. ती आली त्या दिवशी मला कळलं होतं आणि मी बोललो नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग ते जे लिहिलं होतं, असं पाह्या, तसं पाह्या, ते?"

"ते बरोबर होतं."

"फक्त तू नाई पाह्यलं."

"हौ."

ती रडली नाही. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. मी म्हणालो की मुलीला एवढ्यात नको सांगू. त्यावर ती पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. "काहून नको? कालपासून ते माह्याजवळ म्हणून राह्यली का तिचं डोकंच कमी आहे. तुही इज्जत राहावी म्हणून तिचं डोकं कमी ठेवू का मी?"

तिने मुलीला हाक मारली आणि माझ्यासमोर सांगितलं, साध्या शब्दांत, एकही कमी-जास्त न करता. तुझं गाईड चुकीचं होतं. मामानं न पाह्यता लिहिलं होतं. तुझी चूक नाई.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मंग माह्ये गणितं बरोबर होते?"

"हौ. जवळपास सगळे."

"मंग मले काहून नाई घेतलं?"

बहीण माझ्याकडे बघत होती, मी उत्तर द्यायचं म्हणून. मी रीतीबद्दल, गुणांबद्दल काही बोलायला लागलो. भाचीने ते अर्धवट ऐकलं, बुटाची लेस बांधली आणि उठली. "चाल आई, गाडी निघून जाईन." रामपायलीवरून जाणाऱ्या शेवटच्या बसला अजून दीड तास होता. तरी त्या दोघी निघाल्या. मी ऑटोपर्यंत सोडायला येतो म्हणालो. बहीण म्हणाली, राहू दे.

एप्रिलमध्ये ती गावच्या शाळेत सहावीत गेली. बहीण राखीला आली, जेवली, गेली. माझ्याशी बोलली, तब्येतीचं, पिकाचं, नवऱ्याच्या मिलचं. मुलीच्या शाळेचा विषय निघाला की ती बायकोकडे वळून बोलत असे. या वर्षीची पुरवणी मी घेतली नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्याने लिहिली. त्याने पुस्तकं उघडून पाहिली का, हे मी त्याला विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात बायकोने जेवताना सांगितलं की त्या शाळेत सातवीत एक जागा रिकामी झाली आहे आणि भाचीचा अर्ज गेला आहे. तिला फोनवर बहिणीने सांगितलं होतं. परीक्षा याच महिन्यात आहे.

मी विचारलं, "गाईड कोणतं घेतलं?"

तिने माझ्या ताटात वरण वाढलं. "ते माहीत आहे मले," ती म्हणाली. "पण तुम्हाले सांगू नको म्हणे."